तीन दहाचं पाणी

कारूच्या माळावर या गावात पाणी घड्याळ लावून येतं.
माझ्या घराची पाळी बुधवारी, पहाटे तीन दहाला.
चाळीस मिनिटं.
मग लोखंडी फळी पाडायची, की पाट पुढे
खाली डाळिंबवाल्या घराकडे निघून जातो.

केपटाऊनहून निवृत्त होऊन आलो, घर घेतलं,
तेव्हा खरेदीखतात खोल्यांच्या खाली, छपराच्या वर
हे पाणीही लिहिलेलं होतं.
सोबत बावीस गुलाब.

पहिल्या उन्हाळ्यात मला ते पाणी नको होतं.
कोण उठतं तीनला?
मी रोज संध्याकाळी नळी धरून उभा राहायचो,
पानं न्हाऊ घालायचो, फुलंसुद्धा,
आणि मनात म्हणायचो, काय माया करतोय मी.
जानेवारीत पानांवर काळे ठिपके आले.
फेब्रुवारीत झाडांनी कपडे उतरवून ठेवले.

डोरोथिया याफ्ता आली ती कुणीतरी सांगितलं म्हणून.
फाटकातून सरळ आळ्यापाशी,
दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"वर चिखल, खाली राख.
तुम्ही पाणी पाजलं नाहीत, साहेब.
पाण्याची गोष्ट सांगितलीत."

त्या बुधवारी ती विजेरी घेऊन आली.
दारं धरणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं:
फावड्याचं एक ढेकूळ इकडे, एक तिकडे,
आणि पाणी ओळखीच्या कुत्र्यासारखं वळतं.
खोडाभोवती मातीची बुटकी भिंत,
भिंतीबाहेर आळं,
दुपारी झाडाची सावली पुरेल तिथवर.
पान एकही ओलं नाही.

"कान लावा."
आधी सळसळ. मग बुडबुडे,
माती श्वास सोडते तसे.
मग काहीच नाही.
"झालं?" मी विचारलं.
"आत्ता कुठे. पुन्हा भरा.
पहिलं पाणी वरच्या मुळांचं, ती हावरी असतात.
दुसरं खालच्यांचं."
त्यानंतर सात दिवस हात बांधून बसायचं.
दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावायचं नाही,
तिन्हीसांजेला सावरतात का बघायचं.
"तहान लागल्याशिवाय मूळ खाली जाईल कशाला?"

तीन पन्नासला तिनं फळी पाडली.
मी सहज विचारलं, तुमची पाळी कधी असते?
ती फावडं धूत होती.
"टेकडीपलीकडे पाट नाही."

पुढचं तिनं सांगितलं ते बूट पुसता पुसता,
भाजीचा भाव सांगावा तसं.
खालचं डाळिंबवालं घर तिच्या बापाचं.
डाळिंबं त्यानं लावलेली.
सहासष्ट साली ट्रक आले, ती नऊ वर्षांची,
बापानं विचारलं होतं म्हणे, पाण्याचं काय?
कारकून म्हणाला, पाणी घराच्या नावावर आहे,
माणसांच्या नाही.

मी फळीकडे पाहत राहिलो.
पाणी डाळिंबांपर्यंत पोचल्याचा आवाज आला.
आम्ही दोघांनी ऐकला.

आता तिचे गुडघे गेलेत.
पाटबंधाऱ्याच्या कारभाऱ्याला मी विचारून पाहिलं,
माझ्यातली दहा मिनिटं तिकडे देता येतील का?
तो चांगला माणूस. हसला.
पाणी टेकडी चढत नाही, म्हणाला.

म्हणून बुधवारी मी दोन कॅन भरतो,
गाडीत घालून उजाडताना टेकडीपलीकडे जातो.
तिच्या दारात रॉकेलच्या डब्यात एकच गुलाब,
कुठल्या आवारातली फांदी, ती सांगत नाही.
रोज एक कळी असते त्याला. माझ्या बावीसांना नसते.

ती झाकण उघडून आधी वास घेते.
"गढूळ आणलंत," म्हणते.
मग दोन्ही कॅन कांद्याच्या वाफ्यात रिकामे करते,
शेवटच्या थेंबापर्यंत.

"आणि गुलाब?"

ती डब्यात बोट खुपसते, दुसऱ्या पेरापर्यंत,
थांबते,
बोट झग्याला पुसते.

"परवा दिलंय. अजून वाफसा आहे."