चार्ज देताना

आधी घड्याळ काढ, नेलियु.
मग बोलू.

हे यंत्र दिसायला इस्त्रीच्या टेबलासारखं भोळं,
पण टेपवरचा सगळा चेहरामोहरा चाटूनपुसून नेतं,
आणि मनगटावर चावीचं घड्याळ असेल
तर त्याचंही काही खरं नाही.

पेटी गुरुवारच्या विमानानं येते. कधी शुक्रवारच्या.
आपल्याआधी ती आइसलँडला जाऊन आलेली असते,
झाकण उघडलं की गार रबराचा वास येतो.
नाताळचा कार्यक्रम तेर्सेइरावर फेब्रुवारीत लागतो,
सैनिकांची पोरं कुरकुर न करता बघतात.
आकडे जुळव: यादीत बावीस, रिळं बावीस.
एकवीस निघाली तर सार्जंट क्राउसला उठव,
झोपला असला तरी.

फीत मधे धरायची नाही.
कापायची नाही. जोडायची नाही.
शेवटी नावं धावतात ती कंटाळा आला म्हणून उडवायची नाहीत,
ज्यानं नुसता दिवा धरला
त्याचंही नाव करारात बसून आलेलं असतं.
नक्कल काढायची नाही, पाद्रीबाबांनी मागितली तरी.
मागतात ते. ईस्टरच्या सुमारास.

जाहिराती तिकडेच काढलेल्या असतात.
कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, आपल्यासारखंच बसून
साबण, मोटारी, मांजरांचं खाणं
वेचून वेचून बाजूला टाकतं.
उरतात काळी भोकं. मिनिटाची, दोन मिनिटांची.
त्यात आपण तळाच्या सूचना भरायच्या:
गाडीला कुलूप लावा.
जहाज कधी निघतं ते बारमध्ये बोलू नका.
दात घासा.

माझे वडील, बेल्मिरु, हे सगळं कुंपणापलीकडून बघत.
काळ्या दगडांच्या गडग्यावर त्यांनी एरियल उभा केला होता,
तोंड तळाकडे.
इंग्रजीचं ओ की ठो कळत नसे.
अकरा वर्षं बघून त्यांनी एकच गोष्ट ठरवली:
अमेरिकेत कुणी काही विकत नाही.
लोक एकमेकांच्या घरात शिरतात, हसतात, भांडतात, घोड्यावर बसतात,
मधूनच एक गंभीर माणूस येऊन काहीतरी बजावून जातो,
पण विकत मात्र कुणीच काही नाही.
पहाटे चारला घोडीवर दुधाचे कॅन लादताना
ते हे म्हणत,
चर्चमध्ये बोलावं तशा आवाजात.

मी काही बोलले नाही.
सांगू नये असा नियम नव्हता. शोधला मी.

मग फॉल रिव्हरहून चुलतबहीण दिओलिंदाचं पत्र आलं:
काका, इथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी काहीतरी विकतं,
जिवंत माणसाला शवपेटीसुद्धा, हप्त्यानं.
त्यांनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं.
घडी घालून खिशात ठेवलं.
म्हणाले, तिचा टीव्ही बिघडला असेल.

टेप शेवटच्या ठाण्यावर आली, म्हणजे आपल्याकडे,
की तिला पुढची पेटी नाही.
तेव्हा हे यंत्र.
रीळ तीनदा फिरवायचं, पालथं घालून तीनदा,
मग हात लांब नेत नेत, सावकाश,
आणि पुरतं लांब गेल्यावरच बटण बंद.
घाई केलीस तर खरखर मागे राहते.
प्रमाणपत्रावर दोन सह्या. दुसरी क्राउसची.
तो न वाचता करतो. तू वाच.

वडील गेले त्या आठवड्यात मी रजा घेतली नाही.
एकोणीस रिळं होती.
मनगटावर त्यांचं घड्याळ, सैल,
हात वर केला की कोपरापर्यंत घसरणारं.
नियम मला पाठ होता.
घरी कपाटात अजून पाच वीस झालेत.
आंग्राला दुरुस्त करून मिळतं म्हणे.
नेलं नाही.

काढलंस?
ठेव तिकडे, किल्ल्यांच्या डब्यात.
दे आता पहिलं रीळ.