शेऱ्याचा रकाना

सकाळी साडेआठला नळी डोळ्यांच्या पातळीत धरायची.
पाण्याला मधे खळी पडते, तिच्या तळाशी आकडा वाचायचा.
एवढं शिकवून मुंगीलाल बेठेकर
रजिस्टर माझ्या हाती ठेवून घाट उतरला,
परतवाड्याला, लेकीकडे.

तारीख, पाऊस, कमाल, किमान.
पाचवा रकाना शेऱ्याचा. वरून कोणी तो मागत नाही.
तिथं त्याचं अक्षर एका अंगाला कललेलं,
वाऱ्यातल्या कुटकीसारखं:

मार्च. रातभर मोह टपकला. मापकात एक फूल. पाऊस निरंक.

मे. कमाल सदतीस. यष्टीतून उतरलेली बाई म्हणे,
किती गार हाये बाप्पा तुमच्या इथं.
आमची झिरी आटली, थे तिले दाखवली नाई.

जानेवारी. किमान एक. हंड्यात गडवा टाकला तं टणकन वाजला.
तूर करपली. उन्हानं नाई, दहिवरानं.

पानं अशी फुगलेली का, ते मला ऑगस्टात कळलं.
अकरा दिवस ढग ओसरीत बसून होता.
काडी पेटेना, लुगडी वाळेनात,
भिंतीला टेकलं की पाठ ओली,
आणि मापकात दोन मिलिमीटर.
पडतं ते मोजता येतं. हे पडतच नव्हतं,
उभं होतं नुसतं,
काही मागायला आलेल्या आणि न बोलणाऱ्या
शेजाऱ्यासारखं.

एका जुन्या ऑगस्टात तीन दिवस रकाने कोरे आहेत.
शेऱ्यात एवढंच:
सिपना पुलावरून. फुलयबाईले खाटेवर नेलं.
चौथ्या दिवशी पुन्हा आकडा, नीट, दशांशासकट.

फोनवर विचारलं मी, त्या तीन दिवसांचा पाऊस किती?
बराच वेळ नुसता परतवाड्यातला पंखा ऐकू आला.
"थो मापकात नाई पडला, बाबू.
पाठीवर पडला."

मग त्यानंच विचारलं, आज धूर कोनीकडे जाते?
फोन कानाला तसाच धरून बाहेर आलो.
रामकलीच्या कवेलूंच्या फटींतून धूर निघाला होता
आणि तिथंच, वीतभर वर, थांबला होता.

कुठंच नाही, म्हटलं.

हं, म्हणाला. थेच लिही.