कोरड्या माणसाचं कापड

पहाटे पावणेसहा. गोऱ्ह्याच्या काठावर
जीपच्या टपावरून कयाक उतरवताना
दोरीवरचं दव बोटांना चावलं.
रुबिनाने टॉर्च थेट माझ्या छातीवर मारला,
"काका, आत काय घातलंय?"

छत्तीस वर्षं मी रविवार पेठेत सुती कापड विकलं.
तागा उलगडायचा, कड चिमटीत धरायची,
"हात लावून बघा, अंगाला श्वास घेऊ देतं."
झोपेतसुद्धा म्हणतो मी हे, असं कुमुद सांगते.

"तुम्ही दिलंत तेच," मी म्हणालो.
खोटं नव्हतं ते.
तिने दिलेलं ते चकचकीत, अंगाला चिकटणारं,
ज्याला मी जन्मभर सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं,
ते घातलं होतंच.
फक्त त्याच्या आत माझा बनियन होता.
कोण बघतंय?

मग त्यावर फ्लीस. त्यावर वारा अडवणारं जाकीट.
खाली रबराची विजार, तिच्यात शिरणं म्हणजे
सापाने कात परत चढवणं,
एका पायावर नाचत, जीपचा आरसा धरून.
लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून
रुबिनाने ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहिलं.
"कानापर्यंत आलं तर ते तुमचं नाही."
आलं नाही.
डोक्यावर कुमुदने विणलेली टोपी,
माकडटोपीची धाकटी बहीण.
"लोकर? पळेल," म्हणाली,
तेवढीच एक गोष्ट माझ्या घरची पास झाली.

पाण्यावरून वाफ निघत होती.
हात बुडवला तर कोमट.
"फसू नका," ती म्हणाली.
"पाणी आत्ता हवेपेक्षा गरम आहे, म्हणून प्रेमळ वाटतं.
तुम्ही बाहेर याल, मग वारा येईल.
कोरडे असताना कसं वाटेल हे विचारून
कुणीही कपडे घालतो, काका.
भिजल्यावर कसं वाटेल, ते विचारा."

आणि तिने मला उलटवलं.
कंबरभर पाण्यात, मुद्दाम, दर वेळी आधी हेच.
आकाश गेलं. कान हिरवे झाले.
वर आलो तेव्हा छाती आपल्याच हिशोबाने
धापा टाकत होती, मला न विचारता.
"सोडा. श्वास सोडा. आधी सोडा."

मग आम्ही निघालो, सांगरुणच्या दिशेने.
चक्रवाकांची एक जोडी भांडत उडाली.
फ्लीस निथळलं. रबर ऊबलं. टोपी तर विसरलोच.
आणि वारा आला.
पाठीवर खडूने कुणी माप घ्यावं
तसा थंडीने माझा बनियन आखला:
गळा, दोन्ही बगला, खाली कमरेपर्यंत,
एक टाकाही न चुकता.

तेव्हा बिरू कोकरे आठवला.
दर मार्गशीर्षात धोतरजोडीला यायचा वेल्ह्याहून.
एकदा अवकाळीत चिंब भिजून आला,
खांद्यावर घोंगडी, तिच्यातून पाणी ठिबकतंय,
आणि हा आत बसल्यासारखा निवांत.
मी सुती चादर पुढे केली, बदल म्हटलं.
तो हसला. "राहू द्या शेट,
तुमचं कापड कोरड्या माणसाचं."
मला ते तेव्हा लागलं होतं.

दात वाजायला लागले तशी रुबिना थांबली.
काही बोलली नाही. वल्हं आडवं धरून
माझ्या गळ्याशी बोट घातलं,
पांढरी कड बाहेर ओढली, पाहिली, सोडली.
"परत."

काठावर कोरडी पिशवी. टॉवेल, स्वेटर, पायमोजे,
थर्मासमधला आल्याचा चहा,
ज्याचं झाकण माझ्याच्याने उघडेना.
बनियन पिळला. पुन्हा पिळला.
बाभळीवर टाकला.
सिंहगडावर ऊन चढलं, जाकीट वाळलं, फ्लीसही वाळलं,
तो आपला थेंब थेंब, इमानदार.

दुकानात आता पुतण्या बसतो. तिथूनच फोन लावला,
"पातळ लोकरीचं काही ठेवतोस का रे, अंगालगतचं?"
"काका, पुण्यात?" तो म्हणाला.
"पुण्यात थंडी असते कुठे?"

फोन धरलेली बोटं
अजून जांभळी होती.
"खालच्या फळीवर बघ," मी म्हणालो.