वाक्य पूर्ण करा

चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
मला पॅकिंगच्या मागची खोली दिली आहे.
एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि कूलर, जो फक्त आवाज करतो.
सोलापूरचा मे. पेन्सिलीसुद्धा हातातून निसटतात.

सुपरवायझरची एक जागा, माणसं अकरा.
सहावे राजेशम म्याकल, वय एकोणपन्नास,
जॉबर, सत्तावीस वर्षं याच मागांवर.
टोपी काढून मांडीवर ठेवतात
कोर्टात आल्यासारखी.

मी नेहमीचं सांगते: यात बरोबर-चूक काही नसतं.
हे दिवसातून अकरा वेळा सांगते
आणि मग प्रत्येकाला गुण देते.

'मी आयुष्यात कधीच खोटं बोललो नाही.'
सहमत, असहमत, सांगता येत नाही.
हा सापळा आहे. सहमत म्हणेल तो खोटा.
ते बराच वेळ थांबतात. मग विचारतात,
"घरी का कारखान्यात, मॅडम?"
याला माझ्या कागदावर गोल नाही.

पुढचा कागद, अपुरी वाक्यं.
माझे वरिष्ठ... चांगले आहेत.
माझे सहकारी... चांगले आहेत.
माझी आई... गेली.
मला सर्वांत जास्त त्रास होतो, जेव्हा...
इथे पेन्सिल कागदात रुतली आहे:
लाइट जाते, सगळे माग थांबतात
अन् माझ्या कानातला थांबत नाही.

मी दोनदा वाचलं.
मग खिडकीकडे तोंड करून, साध्या आवाजात विचारलं,
"चहा घेणार का?"
काही नाही.
तोंड समोर आणून पुन्हा विचारलं.
"नको, आत्ताच झाला."

म्हणजे गेला पाऊण तास
हा माणूस माझे ओठ वाचत होता.

सकाळच्या गटचर्चेत सगळे एकदम बोलत होते,
हे या तोंडाकडून त्या तोंडाकडे वळत राहिले, उशिरा.
माझ्याच अक्षरात आहे ते:
'इतरांचं ऐकून घेत नाहीत. दहापैकी दोन.'
आत मागांच्या खात्यात तर कुणीच कुणाचं ऐकत नाही,
तिथे दोन बोटं म्हणजे धागा तुटला,
मूठ म्हणजे थांबव,
आणि सव्वीस नंबर बिघडणार हे
म्याकल सांगतात फ्रेमवर तळवा टेकून,
बिघडायच्या आधी.
तळव्यासाठी माझ्याकडे प्रश्न नाही.

माझी आई विड्या वळायची. रोज हजार.
कारखान्यात चेकर मूठभर उचलायचा, दाबायचा,
शे-दीडशे छाट म्हणून बाजूला.
का, ते नाही सांगायचा.
छाटीचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
आई घरी येऊन सूप आपटायची अन् म्हणायची,
त्याचा हात आज घरून भांडून आला होता.
त्या विड्यांवर मी मानसशास्त्र शिकले.

लिहिलं, 'यांना कमी ऐकू येतं',
तर ही जागा जाईल. आहे तीही जाईल कदाचित.
नाही लिहिलं, तर ते दोन गुण राहतील,
आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणी येऊन लिहील
की माणूस घमेंडी आहे.
सॉफ्टवेअर रिकामी चौकट घेत नाही.
लाल होते, पुन्हा तिथेच नेऊन उभं करते.

टोपी घालून ते उठले. दारात थांबले.
"मॅडम, राग मानू नका.
प्रश्न सांगून झाला की तुमचेपण ओठ हलतात.
एक्केचाळीसला तुम्ही 'सहमत' म्हणलात."

ते गेल्यावर कागद उलटून बघितला.
४१. माझ्या कामाचा कुणाला उपयोग होतो की नाही,
मला कळत नाही.

बाहेर सातवा उभा आहे, आत येऊ का विचारतोय,
दुसऱ्यांदा विचारतोय.
मी हात वर केला,
मूठ.