इथं चार ओळी होत्या

पतसंस्थेच्या ग्रुपवर, वसुलीच्या दिवशी,
मगदूम आण्णांनी एक स्टिकर टाकलं.
रडणारं बाळ, ओठापर्यंत आलेला शेंबूड,
खाली लाल अक्षरांत : पगार कधी?
सदतीस जण हसले.
मीही अंगठा नेला होता
हसणारा पिवळा चेहरा शोधायला
आणि बाळामागचा पडदा ओळखीचा निघाला.

मारुती रोडवरून घेतलेलं कापड,
निळ्यावर पांढरी बदकं,
शिवताना एका पट्टीचा उलटा जोड लागलेला,
म्हणून एक बदक डोक्यावर उभं.
असं बदक जगात एकच आहे.
गावभागात, आमच्या मागच्या खोलीत.

आण्णांना विचारलं, कुठून मिळालं?
म्हणाले, मेव्हण्यानं पाठवलं.
मेव्हण्याला नाशिकहून आलेलं.
नाशिकच्या पलीकडचं कुणाला ठाऊक नाही.
"का हो मॅडम, भारी आहे ना?"
भारी आहे, म्हटलं.
आणि दोन थकीत खात्यांना नोटिसा काढल्या.

पुरात आमचा अल्बम गेला होता.
माझं बारसं, माझं जावळ, मामाच्या मांडीवरची मी.
पाणी उतरलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली,
सोडवायला जावं तर चेहरे
समोरच्या पानाबरोबर निघून यायचे.
भिंतीवर अजून रेघ आहे, खिडकीच्या वर हातभर.
तेव्हाच ठरवलं,
पोरीचं काही पाण्याच्या हाती लागू द्यायचं नाही.
म्हणून वर ठेवलं.
वर म्हणजे जिथं सगळे ठेवतात तिथं.

हळद-बेसन लावलेली, उघडी, पाटावर.
शाळेचा पहिला दिवस : छातीवर नाव, मागे फाटक,
फाटकावर शाळेचं नाव, रिक्षाचा नंबर.
गोवर आलेली. टकलू.
आणि रडताना, सगळ्यात जास्त रडताना.
फार गोड रडायची.
आधी फोटो काढायचे, मग उचलायचे.

गालावर तीट असायची, न चुकता.
फोन तिला डाग समजून पुसून टाकायचा.
मला वाटायचं, किती नितळ येतो चेहरा.

आता अकराची आहे.
सायकलच्या कुलपाचा आकडा मलासुद्धा सांगत नाही.
न्हाणीची कडी लावून एकदा ओढून बघते.

त्या रात्री पुसायला बसले. नऊशे चौदा.
दर वेळी विचारतो : नक्की?
नक्की.
कृष्णेचं पाणी निदान उतरतं,
आयर्विनवर उभं राहून आकडा वाचता येतो,
चाळीस, अडतीस, साडेसदतीस,
लोक एकमेकांना फोन करून सांगतात.
याचा आकडा कुठल्या पुलावर रंगवलाय?

सहाशेच्या आसपास असताना
ती पाणी प्यायला उठली. मागे उभी राहिली.
"हे कुणी कुणी बघितलंय?"
नातेवाइकांनीच. बहुतेक.
"बहुतेक म्हणजे किती?"
गणित चांगलं आहे तिचं.

मग स्टिकरचं सांगायला तोंड उघडलं,
तर म्हणाली, माहितीये.
दिवाळीच्या आधीच आलं होतं वर्गात.
सगळे हसले, मीपण हसले.
"तू ओळखलंस?"
"बदकावरून."
तांब्या जागेवर ठेवला आणि झोपायला गेली.

या कवितेत तिचं नाव नाही.
लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढे ठेवला,
सोबत पेन्सिल.
जेवणापासून नऊपर्यंत वाचत होती.
शेंबूड राहू दे, म्हणाली, तो खरा होता.
टकलूवर थांबली, पुढे गेली.
बदकाला हात लावला नाही.

इथं चार ओळी होत्या.
तिनं काढल्या.
त्यात काय होतं, ते मी विसरायचं कबूल केलंय.