तिसऱ्या घरातला दोष

गुलटेकडीला, तांबोळींच्या गॅरेजात
सँट्रो उभी आहे बॉनेट उघडून,
दाताच्या डॉक्टरपुढे आ केल्यासारखी.

पळताना ठीक. थांबली की थरथरते.
काल स्वारगेटच्या सिग्नलला
शेजारचा रिक्षावाला म्हणाला,
ताई, थंडी वाजतेय का हिला?

इरफानने स्टिअरिंगखाली यंत्र खुपसलं.
पी-०३०३.
तिसऱ्या घरात दोष, तो म्हणाला,
कुंडली मांडल्यासारखा गंभीर.
प्लग नवा घातला.
कॉइल दुसऱ्या सिलेंडरवर बसवून पाहिली.
कोड पुसला, पर्वतीपर्यंत फेरी मारली,
आणि परत येईतो पिवळा दिवा
एक तारखेच्या घरमालकासारखा
दारात हजर.

मग थोरले तांबोळी उठले.
चहाची बशी टायरवर ठेवली,
लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
"यंत्र सांगतं कुठं दुखतंय.
का, ते त्याला कोण सांगणार?"

मॅनिफोल्डपाशी करंगळीएवढी रबरी नळी,
खालच्या अंगाने चिरलेली.
तिथून आत जात होती हवा,
कुठल्याच हिशेबात न धरलेली.
त्यांनी चिरेवर बोट दाबलं.
बॉनेटखाली विसरलेला पाना
वाजायचा थांबला.
बोट काढलं: पुन्हा कापरं.
"बघा, तुम्ही दाबा."
मी दाबलं. अठरा वर्षांची गाडी
माझ्या बोटाखाली शांत चालू लागली.

इरफान नळी आणायला नाना पेठेत गेला.
तांबोळींनी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं,
बशीतला गार चहा संपवला.

मी बोट काढलं नव्हतं अजून.