सहा बाय दहा

उद्यमनगरात मुजावरनं जोडून दिली.
पत्रा, प्लायवूड, टेम्पोचा जुना अ‍ॅक्सल,
खिडकी मोडीत निघालेल्या एस.टी.ची.
गल्लीत ओढत आणली तेव्हा
शेजारचं पोरगं म्हणालं,
काका, उसाच्या रसाचा गाडा काय?

कुमुद काहीच बोलली नाही.
दोन ताटं, दोन कप आत ठेवले,
चटणीची बरणी उशाशी.

गगनबावड्याच्या अलीकडं, धुक्यात,
जीपपासून हूक सोडवला.
तासभर चाकाखाली दगड सारत बसलो,
तरी चहा कपात एका अंगाला कललेलाच.

रात्री वाजलं आमचं.
दवाखान्याच्या फाईलवरनं,
जी मी मुद्दाम घरी विसरलो होतो.
घरी असतो तर ती स्वयंपाकघरात, मी गच्चीवर.
इथं दार उघडलं की ओलं गवत
आणि गव्यांची वाट.
लगेच आत. गुडघ्याला गुडघा.

सरक की जरा, ती म्हणाली.
कुठं सरकू?
मग दोघांनाही हसू आलं, आधी तिला.
पत्र्यावर झाड थेंब टाकत राहिलं.

सकाळी बघतो तर शाल गुंडाळून
ती चाकाशी वाकलेली:
दगड उजवीकडं पाहिजे होता.
कालच सांगणार होते.